उभं राहायची चार मिनिटं : नंदीध्वजांची मिरवणूक आणि एका अव्वांचं प्रकरण

मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. हे प्रकरण माझ्याकडे उपचाराला येणाऱ्या एका आजींचं आहे. घरच्यांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असं काही न सांगता लिहिते आहे. घरात लेकापासून नातवंडांपर्यंत सगळे त्यांना अव्वा म्हणतात, त्यामुळे मीही अव्वाच म्हणते.

अव्वांचं वय ७९. दोन्ही गुडघे झिजलेले. अडीच वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडून उजवा खुबा मोडला, त्याचं ऑपरेशन झालं. रक्तदाब आहे आणि त्यासाठी सकाळी लघवी वाढवणारी गोळी आहे. घरात काठीवर फिरतात, आंघोळ स्वतःची स्वतः करतात, पाटावर नाही पण खुर्चीत बसून अजून भाकरी थापतात. व्हीलचेअर त्यांच्याकडे कधीच नव्हती. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्रही नाही, कारण ते काढावं असं कुणालाच कधी वाटलं नाही. थोडक्यात, सोलापुरातल्या कुठल्याही घरात असते तशी म्हातारी बाई.

डिसेंबरच्या सुरुवातीला व्यायाम करता करता त्या म्हणाल्या, "डॉक्टरबाई, गुडघे राहू द्या. मला यंदा नंदीध्वज बघायचेत. नीट बघायचेत."

"नीट" या शब्दावर त्यांनी जोर दिला, कारण गेल्या वर्षी नीट झालं नव्हतं.

गेल्या वर्षी काय झालं

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगते. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजे बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर. त्यांनी शहराभोवती ६८ लिंगं स्थापली. दर वर्षी संक्रांतीच्या आसपास त्यांची यात्रा भरते, तिला आम्ही गड्ड्याची यात्रा म्हणतो. सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचा हट्ट एका कुंभारकन्येने धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावून दिलं, अशी कथा. तेच लग्न दर वर्षी लागतं. आदल्या दिवशी तैलाभिषेक म्हणजे यण्णीमज्जन, भोगीला मंदिराजवळच्या संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, संक्रांतीला होम मैदानावर होमविधी, मग शोभेचं दारूकाम, शेवटी कप्पडकळ्ळी, म्हणजे नंदीध्वजांचं वस्त्रविसर्जन. या सगळ्यात सात मानाचे नंदीध्वज निघतात. प्रत्येक तीसेक फूट उंच. पांढरी बाराबंदी घातलेला एक माणूस कमरेच्या पट्ट्यात बूड रोवून तो एकटा पेलतो, बाजूची माणसं सांभाळायला असतात, आणि थोड्या थोड्या अंतरावर पेलणारा बदलतो. मिरवणूक हिरेहब्बू वाड्यातून निघते आणि सिद्धेश्वर मंदिराकडे जाते.

अव्वांचं सासर उत्तर कसब्यात. लग्न होऊन आल्यापासून पन्नासहून जास्त वर्षं त्यांनी नंदीध्वज स्वतःच्या ओट्यावरून पाहिले. वाडा पडला, जागेवर इमारत आली, कुटुंब जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये राहायला गेलं. तरी मुलगा दर भोगीला त्यांना गावात आणायचा. पाय चालत होते तोवर ते जमलं.

खुबा मोडल्यानंतरची पहिली यात्रा गेल्या वर्षीची. मुलाने त्याच्या परीने चांगली तयारी केली. विजापूर वेशीजवळ ओळखीच्या दुकानासमोर प्लास्टिकची खुर्ची मांडली, अव्वांना सकाळी साडेआठलाच आणून बसवलं. रस्त्याच्या अगदी कडेला, पहिल्या रांगेत. मिरवणूक तिथे पोचेपर्यंत सव्वादोन-अडीच तास गेले. तोवर पहिली रांग पहिली उरली नाही. खुर्चीपुढे माणसं आली. "आजी, दोनच मिनिटं" म्हणत आली आणि तिथेच थांबली. अव्वांनी सकाळची गोळी नेहमीसारखी घेतलेली. तासाभरात लघवीला लागली, जायला जागा नाही, म्हणून पुढे पाण्याचा घोटही घेतला नाही. नंदीध्वज आले तेव्हा त्या उठायला गेल्या, तर गुडघे धरलेले. दोघांनी धरून उभं केलं, पण मागून रेटा आल्यावर परत बसवावं लागलं.

घरी आल्यावर त्या रडल्या. दुखण्याने नव्हे. मुलाला त्या एवढंच म्हणाल्या, "नुसते शेंडे बघितले रे."

पुढचे तीन दिवस गुडघा सुजलेला, दुखणं दहापैकी आठ. यंदा घरच्यांचं मत पक्कं होतं : अव्वांनी घरी बसून टीव्हीवर बघायचं. अव्वांचं म्हणणं, "अक्षता काय टीव्हीवर टाकू?"

तपासणी : पायांची नव्हे, प्रसंगाची

मी आधी नेहमीच्या चाचण्या केल्या. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, याला टाइम्ड अप अँड गो म्हणतात. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले की पडण्याचा धोका आहे असं आम्ही धरतो. अव्वांना २६ सेकंद लागले. काठीवर सलग ६० पावलं, मग थांबावं लागतं. सलग उभं राहणं चार मिनिटं. चौथं मिनिट संपता संपता हात आधार शोधू लागतो. ४२ सेंटिमीटर उंचीच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून हात न टेकता उठता येत नाही. ४८ सेंटिमीटरच्या हाताच्या खुर्चीतून येतं, आणि एकट्याने येतं.

या आकड्यांतला चार मिनिटांचा आकडा मला सगळ्यात मोलाचा वाटला. आपण म्हाताऱ्या माणसाला विचारतो, "चालता येतं का?" अव्वा म्हणणार, येतं की. खरंच येतं. पण मिरवणूक बघायला चालावं लागत नाही. उभं राहावं लागतं, आणि त्याहून जास्त थांबावं लागतं. अव्वांकडे चार मिनिटं होती. गेल्या वर्षी ती रिक्षातून उतरून खुर्चीपर्यंत जाण्यात, खुर्ची दोनदा सरकवताना, आणि "आजी, जरा उठता का, इथून बाईक काढतो" यात खर्च झाली. नंदीध्वज आले तेव्हा शिल्लक शून्य.

दुसरं म्हणजे नजर. "शेंडे बघितले" हे मी आधी बोलण्याची एक रीत समजले होते. मग कागदावर मांडून बघितलं. त्या खुर्चीत बसल्यावर अव्वांचे डोळे जमिनीपासून ११० सेंटिमीटरवर येतात. समोर, समजा एका मीटरवर, १६५ सेंटिमीटर उंचीचा माणूस उभा आहे. त्याच्या डोक्यावरून जाणारी नजर दर मीटरला ५५ सेंटिमीटर वर चढते. नंदीध्वज सहा मीटरवरून जात असेल, तर तिथपर्यंत नजर ४४० सेंटिमीटरवर पोचलेली असते. म्हणजे साडेचौदा फुटांच्या खालचं काहीच दिसणार नाही. तीस फुटी नंदीध्वजाची खालची जवळजवळ निम्मी काठी गेली, पेलणारा गेला, त्याची बाराबंदी गेली, पट्टा गेला, घाम गेला. अव्वांनी अगदी मोजून सांगितलं होतं.

मग वाड्याच्या ओट्यावरून पन्नास वर्षं कसं दिसत होतं? मुलाला आठवत होतं त्याप्रमाणे ओटा अडीच फूट, म्हणजे ७६ सेंटिमीटर. त्यावर खुर्ची टाकून बसलं तर डोळे १८५ ते १९० सेंटिमीटरवर. रस्त्यावरच्या उभ्या माणसाच्या डोक्यावरून सरळ, आडवी नजर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओट्यावर यायला अव्वांना एकही पायरी चढावी लागत नव्हती. पायऱ्या रस्त्यावरून येणाऱ्यासाठी. घरातून येणाऱ्याला ओटा घराच्या जमिनीच्याच पातळीत असतो, एक उंबरा ओलांडला की झालं. मागे सावली, पाठीला भिंत, दहा पावलांवर मोरी, आत पाणी. कसब्यातल्या जुन्या रस्त्यांवर घरटी ओटा होता आणि घरटी एक म्हातारी त्यावर बसलेली असायची. वाडे जाऊन तिथे शटर आले तेव्हा आपण जागेचा भाव मोजला, पण त्या म्हाताऱ्या आता कुठे बसतील हे कुणी मोजलं नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

काकांनी सांगितलेली गोष्ट

अव्वांचे धाकटे दीर मुलाकडे फ्लोरिडाला जाऊन आले होते. ते घरात बसून आमचं ऐकत होते. मधेच म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे तिथे याची सोय होती." "आमच्याकडे" म्हणजे ऑर्लँडोजवळच्या डिस्नेच्या मॅजिक किंगडममध्ये. तिथे रोज रथांची मिरवणूक निघते, त्याला ते परेड म्हणतात. काकांचं वय ७४, त्यांना दम लागतो. मुलाने दारातच भाड्याने व्हीलचेअर घेतली. काका म्हणाले, मी चालू शकतो. मुलगा म्हणाला, चालू शकता, पण दिवसभर नाही.

मला रस होता तो पुढच्या भागात. परेडच्या वाटेवर काही ठरलेल्या जागा व्हीलचेअरवाल्यांसाठी राखलेल्या असतात. जो आधी येईल त्याला जागा, आधी आरक्षण नाही. सोबत घरची मोजकीच माणसं, बाकीच्यांनी इतरत्र उभं राहायचं. पार्कचा माणूस खुर्ची कुठे लावायची ते दाखवतो, आणि खुर्च्यांपुढे कुणाला उभं राहू देत नाही. काका म्हणाले, "पुढे रिकामं होतं बघा. एवढंच. बाकी काही नाही."

मी त्यांना खोदून खोदून विचारलं. जागा उंच होती का? नाही, रस्त्याच्याच पातळीत. छप्पर? नाही. मग वेगळं काय? पुढे रिकामं, आणि कुणीतरी ते रिकामं राखणारा.

आपल्याकडे अशा वेळी लगेच मांडव-व्यासपीठाची भाषा सुरू होते. मीही आधी तेच गणित केलं होतं. पुढे माणसं उभी राहणार हे धरून चाललं तर व्यासपीठ निदान दोन फूट हवं, म्हणजे ६० सेंटिमीटर. त्यावर खुर्ची चढवायला एकास बारा उताराचा रॅम्प करायचा, तर तो सव्वासात मीटर लांब होतो. माणिक चौकाच्या परिसरात यात्रेच्या दिवशी सव्वासात मीटर मोकळी जागा मागणं म्हणजे कुणाचं तरी दुकान मागणं. म्हणजे एक तर तयार उंची शोधायची, जिथे मागून समपातळीवर जाता येईल, किंवा जमिनीवरच बसून पुढची जागा राखायची. तिसरी वाट नाही.

पण तिथली सोय जशीच्या तशी उचलण्यात एक अडचण होती, आणि माझ्या मते ती तिथेही असणार. राखीव जागा मिळते ती चाकाच्या खुर्चीला. ज्या माणसाला चालता येतं पण उभं राहता येत नाही, तो दोन्हीकडून सुटतो. गर्दीत तो टिकत नाही आणि राखीव जागेत बसायला त्याच्याकडे खूण नसते. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, सांस्कृतिक कार्यक्रम आणि मनोरंजन यांत सहभागाचं वेगळं कलमही आहे. पण बहुतेक सवलतींची दारं ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्राने उघडतात. अव्वांच्या मुलाने एका कार्यालयात साधं पत्र दिलं होतं, की मिरवणुकीच्या वाटेवर वृद्धांसाठी दहा-बारा खुर्च्यांची जागा दोर लावून राखावी. तिथल्या माणसाने विचारलं, "प्रमाणपत्र आहे का?" नाही म्हटल्यावर पत्र ठेवून घेतलं, उत्तर आलं नाही. कुणी उद्धट बोललं नाही. त्या माणसाच्या तक्त्यात अव्वांसाठी रकाना नव्हता.

काय ठरवलं

दिवस भोगीचाच, हे अव्वांनी ठरवलं. संक्रांतीच्या संध्याकाळी नंदीध्वजांवर रोषणाई असते, पहिल्याला नागफणा बांधतात, बघायला ते फार सुरेख, पण परतायला रात्र होते आणि थंडी असते. अक्षतेच्या वेळी संमती कट्ट्याजवळ जाणं मी साफ नाकारलं. तिथे लाखांनी माणूस असतो, चालत्या गर्दीत ७९ वर्षांच्या बाईचा खुबा मी पणाला लावणार नाही. अव्वा दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

जागा सुनेच्या माहेरच्या नात्यातून मिळाली. माणिक चौकाच्या अलीकडे एक जुनं घर, पुढे ओटा शाबूत. समोरून तीन पायऱ्या, एकेक नऊ इंचांची, कठडा नाही. पण मागे बोळ होता आणि मागच्या दाराला फक्त पाच इंचांचा उंबरा. आत आलं की सगळं घर एका पातळीत, थेट ओट्यापर्यंत. मी टेप घेऊन गेले तेव्हा घरच्या मालकीणबाई चकित झाल्या, मग त्यांनीच टेपचं दुसरं टोक धरलं. ओटा ३१ इंच निघाला. आणखी एक नशीब म्हणजे घर रस्त्याच्या पूर्वेला होतं. सकाळचं ऊन घराच्या पाठीवर, ओट्यावर सावली, डोळ्यांत सूर्य नाही. जानेवारीत सोलापुरात पहाटे गारठा असतो पण अकराला ऊन चटकतं, आणि दोन तास उन्हात बसवलेल्या म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी चक्कर येऊ शकते.

व्हीलचेअरवरून बराच वाद झाला. अव्वा म्हणाल्या, "लोक म्हणतील, हिला काय झालं." मी त्यांना चार मिनिटांचा हिशेब सांगितला. खुर्ची पायांना सुट्टी द्यायला नाही, पाय राखून ठेवायला आहे. बोळाच्या तोंडापासून दारापर्यंत दीडशे पावलं आहेत. ती तुम्ही चालून गेलात तर नंदीध्वजापुढे हात जोडायला उभं कोण राहणार? हे त्यांना पटलं. सगळ्या तयारीत खरी वाटाघाट झाली असेल तर ती हीच.

खुर्ची भाड्याने आणली ती मागे मोठी चाकं असलेली. दवाखान्यात ढकलतात तसली चारही चाकं लहान असलेली खुर्ची आपल्या रस्त्यांवर फरशीच्या फटीत अडकते आणि बसलेला माणूस पुढे कलंडतो. नातवाला दोन गोष्टी शिकवल्या. चढताना पुढची चाकं उचलून टेकवायची, उतरताना खुर्ची उलटी फिरवून मागची चाकं आधी सोडायची. नातू कॉलेजात आहे, त्याने आईला बसवून सोसायटीच्या पायरीवर सराव केला.

ओट्यावर बसायला घरातल्याच प्लास्टिकच्या खुर्च्या, पण दोन-दोन एकात एक घातलेल्या. त्याने बूड पाच-सहा सेंटिमीटर वर येतं आणि मागचे पाय फाकत नाहीत. मऊ गादी घालू नका हे मी सगळ्यांनाच सांगते. गादीत माणूस रुततो आणि उठताना पुन्हा तितकंच वर यावं लागतं. सकाळच्या गोळीची वेळ त्यांच्या डॉक्टरांना विचारून त्या दिवसापुरती दुपारवर नेली. ही गोष्ट कुणी आपल्या मनाने करू नये.

ओट्याच्या कडेपासून खुर्च्या दोन फूट मागे, हा माझा हट्ट. तीस फुटांची काठी माणसाच्या कमरेवर तोललेली असते. पेलणारा बदलताना, वारा असताना ती डुलते. सांभाळणारे कसलेले असतात, यात्रेआधी कितीतरी दिवस सराव करतात, तरी खाली बसलेल्यांत पटकन उठून बाजूला होता येईल असं कुणी नसेल, तर अंतर आपण ठेवायचं.

भोगीचा दिवस

आठला रिक्षा बोळापासून बऱ्याच अलीकडे थांबवावी लागली, रस्ता बंद होता. तिथून व्हीलचेअर. बोळाच्या तोंडाशी गटाराच्या झाकणावर चाक अडकलं, नातवाने खुर्ची उलटी करून काढली. उंबऱ्यावर फळी टाकली होती. मागचं दार २७ इंच, खुर्ची साडेपंचवीस, बोटं सोलू नयेत म्हणून अव्वांनी हात मांडीवर घेतले. साडेआठला त्या ओट्यावर होत्या. चाललेली पावलं बारा.

पहिली चूक माझी. घर मोजलं, दारं मोजली, पण संडास फक्त "आहे ना?" म्हणून विचारला. तो भारतीय पद्धतीचा निघाला. अव्वांना उकिडवं बसता येत नाही. साडेनऊला हे लक्षात आलं. माझ्या दवाखान्यातली कमोडची खुर्ची स्कूटरवर आडवी धरून आणायला पाऊण तास गेला, कारण निम्मे रस्ते बंद. तेवढ्या वेळात अव्वांनी पुन्हा पाणी प्यायचं थांबवलं होतं. ज्या कारणाने गेलं वर्ष बिघडलं, तेच कारण मी यंदा दारात आणून ठेवलं. आता माझ्या यादीत संडास सगळ्यात वर आहे.

दुसरी गोष्ट आम्ही धरलीच नव्हती. आम्ही चार खुर्च्या मांडल्या होत्या : अव्वा, काका, मालकीणबाईंच्या सासूबाई आणि एक जास्तीची. नऊ वाजता समोरून एक म्हातारे गृहस्थ थांबले. धोतर, टोपी, हातात पिशवी. त्यांनी ओट्याकडे पाहिलं आणि विचारलं, "इथे टेकू का जरा?" त्यांना हात देऊन तीन पायऱ्या चढवलं. त्यांच्यामागून दोघी बहिणी आल्या, मग एक मुलगा आपल्या वडिलांना घेऊन आला. दहापर्यंत ओट्यावर अकरा म्हातारी माणसं होती. अव्वा सोडल्या तर त्यांतल्या एकाकडेही व्हीलचेअर नव्हती. बाकी सगळी आपल्या पायांनी आलेली. विचारल्यावर प्रत्येकाने जवळजवळ तेच सांगितलं, चालवतं पण उभं राहवत नाही. मालकीणबाईंनी शेजारून खुर्च्या आणवल्या. बाराव्या बाईंना दाराच्या चौकटीत बसवलं.

ओट्याच्या कडेला पोरं चढली, ती उभी राहिली की मागच्यांना पुन्हा भिंत. नातवाने त्यांना कडेवर पाय खाली सोडून बसवलं. बसलेल्या पोराच्या डोक्यावरून खुर्चीतल्या माणसाला सहज दिसतं, आणि पोरांना सगळ्यात पुढची जागा मिळते, त्यामुळे भांडण नाही. ओट्यासमोर रस्त्यावर उभ्या माणसांचं आम्हाला काही करावंच लागलं नाही. ओट्याने ते केलं.

हलग्यांचा आवाज आधी आला. काकांनी कानातलं यंत्र बंद केलं. मग "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र" चा गजर जवळ आला आणि वळणावर पहिला नंदीध्वज दिसला, बाशिंग बांधलेला, हारांनी भरलेला. मी अव्वांना म्हटलं, अजून उठू नका. तो तीन घरं अलीकडे आला तेव्हा म्हटलं, आता. त्यांनी खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले आणि एकट्याने उठल्या. नंदीध्वज नेमका ओट्यासमोर थांबला, पेलणारा बदलायला. एकाने पट्टा सैल केला, दुसऱ्याने कमरेत बूड घेतलं, काठी एकदा डुलली आणि सरळ झाली. अव्वांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, काठीकडे नाही. म्हणाल्या, "केवढा लहान आहे पोरगा."

एक मिनिट दहा सेकंद झाले. मी मोजत होते. त्या आपणहून बसल्या.

माझा अंदाज होता की त्या पहिल्याला उठतील आणि बाकीचे बसून बघतील. त्या सातही वेळा उठल्या. दोन नंदीध्वजांमध्ये तीन-चार मिनिटांचं अंतर होतं, तेवढ्या विसाव्यात पाय पुन्हा तयार होत होते. सगळं मिळून त्या त्या दिवशी पाच मिनिटांहून जास्त उभ्या राहिल्या. सलग चार मिनिटं हा आकडा मी पक्की मर्यादा म्हणून धरला होता. तुकड्यांत, मधे चांगल्या उंचीवर बसून, ती मर्यादा वाढते हे मी पुस्तकात शिकले होते, दवाखान्यात वापरते, पण मिरवणुकीला लावून पाहिलं नव्हतं. शेवटच्या दोन वेळा त्यांच्याबरोबर ओट्यावरची आणखी पाच-सहा माणसंही उठली.

मिरवणूक गेल्यावर लगेच निघायचं नाही, हे आधीच ठरलेलं होतं. मागची सगळी गर्दी मंदिराकडे वाहत असते, ती ओसरायला पाऊण तास लागतो, आणि त्या गर्दीत म्हातारं माणूस पडू शकतं. मालकीणबाईंनी भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि शेंगाची चटणी आणली. थोरला नातू संमती कट्ट्यापाशी गेला होता. दुपारी त्याचा फोन आला. अव्वांच्या सुनेने फोन मोठ्या आवाजात लावून कोनाड्यात ठेवला. आवाज खरखरत होता, अर्धं कळत होतं. अव्वांनी पदराच्या गाठीतल्या अक्षता काढल्या, पहिल्यांदा स्वतःच्या तळहातावर घेतल्या, मग शेजारच्या दोघी बहिणींच्या हातावर ठेवल्या, धोतरवाल्या गृहस्थांच्या हातावर ठेवल्या. पलीकडून गलका उठला तेव्हा ओट्यावरच्या सगळ्यांनी त्या मंदिराच्या दिशेने टाकल्या. रस्ता तोवर मोकळा झाला होता.

नंतर

त्या संध्याकाळी दुखणं दहापैकी चार, सूज नाही. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी अव्वा नेहमीच्या व्यायामाला हजर. मुलगा म्हणाला, गेल्या वर्षीपेक्षा खर्च कमी झाला. व्हीलचेअरचं भाडं आणि रिक्षा, एवढाच.

संमती कट्ट्याजवळ मी नेलं नाही, ते बरोबर केलं असं मला अजूनही वाटतं. अव्वांना तसं वाटत नाही. त्यांचं म्हणणं, पाच माणसांचं कडं करून नेता आलं असतं. मी त्यांना सांगितलं, चालती गर्दी कड्याचं ऐकत नाही. हा मुद्दा आमच्यात मिटलेला नाही.

मालकीणबाईंनी पुढच्या वर्षी ओटा उघडा ठेवायचं कबूल केलंय, आणि कमोडची खुर्ची मी आदल्या दिवशीच नेऊन ठेवणार आहे. त्याच गल्लीत आणखी दोन ओटे शाबूत आहेत, त्यांच्या मागच्या दारांचे उंबरे नातवाने मोजून वहीत लिहिलेत : एक चार इंच, एक नऊ. नऊवाल्याला दोन फळ्या लागतील.

आणि ते धोतरवाले गृहस्थ. ते पूर्व भागातले, आयुष्य मागावर विणण्यात गेलेलं, पद्मशाली म्हणजे विणकर समाजातले. जाताना त्यांनी माझा नंबर घेतला होता. परवा फोन आला. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो, त्यांच्या घरावरून जातो, आणि घरात त्यांच्याहून मोठी एक बहीण आहे, ती माडीवर राहते. घराला ओटा नाही, खाली शटर आहे, फूटपाथ सात इंच. जिना सतरा पायऱ्यांचा. मी विचारलं, माडीला गॅलरी आहे का? आहे म्हणाले, पण कठडा उंच आहे. किती उंच, ते बघायला रविवारी टेप घेऊन जाते आहे.